जंगलातल्या मौन शिबिरासाठी घेतलेला हेडलॅम्प
पाच दिवस जंगलात तंबूत राहायचं, कुणाशी बोलायचं नाही, फोन बंद, म्हणून तयारीत हा हेडलॅम्प घेतला. लाल लाइट आहे म्हणूनच घेतला खरंतर, कारण पांढरा लाइट एकदा डोळ्यांवर आला की अंधाराला परत सरावायला 20-30 मिनिटं जातात आणि तिथे तर रात्री अंधारातच बसायचं असतं. लाल एकदम मस्त, वहीत चार ओळी लिहिण्यापुरता पुरतो, किडेही कमी येतात. पण!! लालवर यायला आधी पांढऱ्यातून जावं लागतं, एकच बटन, तीनदा दाबा. म्हणजे शेजारी ध्यानाला बसलेल्याच्या तोंडावर झोत मारायचा आणि मग आपण शांत व्हायचं, हा काय प्रकार? शेवटी पांढऱ्यावर चिकटपट्टी लावली. आयपीएक्स 4 आहे, म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील, ओढ्यात पडला तर गेला समजा. पट्ट्याचा कपाळावर वळ उठतो, ते ठीक. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, लिथियमचे घ्या, आणि निघायच्या आधी एक-दोन रात्री घरातले लाइट घालवून वापरून बघा, मी नाही बघितला. दोन स्टार कापले, दोन्ही त्या बटनासाठी.