१ टीबीची एसएसडी आणि वाटेत अडलेले ५०० एमबी : सात महिन्यांच्या वापरानंतर

मे २०२५ मध्ये मी माझ्या २०१८ सालच्या लॅपटॉपमधील ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून १ टीबीची अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोज १० क्लोन करून, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून, तिच्यावर हलवले. ऑक्टोबरपर्यंत मी पूर्ण समाधानी होते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार म्हणून विंडोज ११ घ्यायला बसले, तर सी ड्राइव्हवर पुरेशी जागा नसल्याची सूचना आली. ५,३०० रुपये मोजून १ टीबी घेतल्यावर सी ड्राइव्ह भरत आल्याची ती लाल पट्टी पाहून मला संताप आला.

वेगाबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी लॅपटॉप सुरू होऊन हाताशी यायला पावणेतीन मिनिटे लागत, आता १९ सेकंद लागतात. साटाच्या मर्यादेमुळे ही एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, पण ज्या लॅपटॉपला एनव्हीएमईची (साटाहून वेगवान प्रकारच्या एसएसडीची) जागाच नाही त्याच्यासाठी एवढा वेग पुष्कळ आहे.

खरे तर मी ४८० जीबीची एसएसडी घेऊन दोन हजार रुपये वाचवणार होते. परंतु ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते आणि ४८० जीबीची ४४७ जीबी, आणि बरीच क्लोनिंग सॉफ्टवेअरे लहान डिस्कवर क्लोन करायला नकार देतात. म्हणून मोठी घेतली. चारशे रुपयांच्या यूएसबी केबलने क्लोन व्हायला पावणेदोन तास लागले, पहिल्या वेळी सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवली नाही, आणि सगळे काही सुरळीत चालू झाले. सी ड्राइव्ह अजून ४६५ जीबीच दिसतो आहे हे मी त्याच रात्री पाहिले होते. उरलेली जागा सवडीने जोडता येईल, असे समजून मी ते काम पाच महिने पुढे ढकलले.

ऑक्टोबरमध्ये विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे भाग दाखवणारे साधन) उघडले, तेव्हा शेवटी ४६६ जीबी मोकळे दिसत होते आणि सी ड्राइव्हवरचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय मात्र फिका पडलेला होता. कारण या दोहोंच्या मध्ये साधारण ५०० एमबीचे रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज बिघडल्यास दुरुस्त करण्याची साधने ठेवलेला डिस्कचा वेगळा भाग, बसले होते. सी ड्राइव्ह फक्त आपल्या लगत उजवीकडे असलेल्या मोकळ्या जागेतच वाढवता येतो, त्यामुळे हजारपट मोठी जागा असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होती.

मी घराजवळच्या दुकानात गेले. फॉरमॅट करून नवे विंडोज टाकायचे बाराशे रुपये सांगण्यात आले, आणि दुसरा उपाय नाही असेही ठामपणे सांगण्यात आले. माझ्या लॅपटॉपवर मराठी अक्षरजुळणीचे परवाना घेतलेले सॉफ्टवेअर आहे आणि आईच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. ध्वनिमुद्रणांची प्रत ठेवलेली असली, तरी तो परवाना पुन्हा चालू करून घेण्याचा व्याप मला नको होता. त्यानंतर पार्टिशनची दोन ‘मोफत’ सॉफ्टवेअरे वापरून पाहिली. दोन्हींनी पार्टिशन सरकवून दाखवले आणि बदल प्रत्यक्ष लागू करण्याच्या टप्प्यावर पैसे मागितले. पार्टिशन सरकवण्यासाठी वर्षाची वर्गणी भरणे मला पटले नाही.

शेवटी विंडोजमधल्याच साधनांनी काम झाले. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी’ ही रिकव्हरी चालू-बंद करणारी आज्ञा ‘डिसेबल’ पर्यायासह दिली, की रिकव्हरीची फाइल सी ड्राइव्हवरील सिस्टम३२मधील रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. ती फाइल तिथे आली आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग पार्टिशने हाताळणाऱ्या ‘डिस्कपार्ट’ या आज्ञेत ते रिकव्हरी पार्टिशन निवडून ‘ओव्हरराइड’सह (संरक्षित पार्टिशनही पुसू देणाऱ्या पर्यायासह) पुसले, सी ड्राइव्ह वाढवताना शेवटी १ जीबी जागा राखली, त्या जागेत रिकव्हरीचे पार्टिशन नव्याने केले आणि ‘इनेबल’ने ते चालू केले. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) चालू असलेल्यांनी आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवून तो तात्पुरता थांबवावा. एवढ्याला पंचवीस मिनिटे लागली.

तोपर्यंत हे पार्टिशन अशा अडचणीच्या जागी कोणी ठेवले, असा माझा राग होता. तो आता उरलेला नाही. जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०चे केबी५०३४४४१ हे अपडेट अनेकांच्या संगणकांवर ०एक्स८००७०६४३ ही त्रुटी दाखवून अडले होते, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. जुन्या डिस्कवर तीच त्रुटी मीही पाहिली होती. हे पार्टिशन सी ड्राइव्हच्या लगत मागे असले, तरच सी ड्राइव्ह थोडा आखडून त्याला जागा देता येते. म्हणजे ही मांडणी योग्यच होती, आणि चूक माझी होती : क्लोन करताना पार्टिशने नव्या डिस्कच्या आकाराप्रमाणे वाढवण्याचा पर्याय समोर असताना मी मूळ निवड तशीच ठेवून पुढे गेले.

विंडोज ११ आता व्यवस्थित चालू आहे. सी ड्राइव्ह सलग सुमारे ९३० जीबी दिसतो. जुनी हार्ड डिस्क मी महिनाभर हात न लावता कपाटात ठेवली होती. आता त्याच चारशे रुपयांच्या केबलने दर रविवारी तिच्यावर ओव्यांची प्रत उतरवून ठेवते.