शेळीचं वजन काढायची कापडी टेप: सात महिन्यांनंतर

बकरी ईदच्या आधी चार बोकड विकले आणि आठवड्याने कळलं, की माझी टेप वजन कमी दाखवत होती. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

टेप नेहमीचीच, एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला थेट किलो. किलोची बाजू गायींसाठी असते, शेळीवाल्याने तिच्याकडे बघूच नये. मी शेफरचं सूत्र वापरतो: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी (सगळं सेंटिमीटरमध्ये), भागिले १०८४०, की किलो मिळतात. पहिले तीन महिने माझ्या उस्मानाबादी शेळ्यांचं वजन काट्याशी किलोभराच्या फरकाने जुळायचं. तेव्हा ओळखीच्या तिघांना मीच ही टेप घ्यायला लावली.

पण कापड ताणलं. उरलेला बोकड टेपने २९.४ किलो दाखवला, शेजाऱ्याच्या टांगत्या काट्यावर ३२ भरला. टेप पोलादी पट्टीला लावली, तर १०० ची खूण १०३ वर! घेराचा वर्ग होतो, वर लांबी गुणली जाते, त्यामुळे तीन टक्क्यांची चूक वजनात नऊ टक्क्यांवर जाते. घेर ७२ ऐवजी ७०, लांबी ६७ ऐवजी ६५, गेले २.६ किलो. सौदा ४५० रुपये किलोचा. विकलेले चारही साधारण त्याच अंगाचे, म्हणजे ४६८० रुपये बुडाले, २२० रुपयांच्या टेपपायी. जंताच्या औषधाचा डोसही याच वजनावर दिला होता. डोस कमी पडला की जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

विक्रेता म्हणतो, "कापड आहे, ताणणारच, वॉरंटीत बसत नाही." मग टेपवर तसं छापायला हवं होतं.

याच टेपने वडिलांची कंबर ८९ भरली होती. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. खरी कंबर ९२ निघाली. वडिलांना मधुमेह आहे. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

तरी मोजणं सोडू नका. एक पाट (तरुण शेळी) डावीकडून ५८ आणि उजवीकडून ५६ लांब भरायची. मला वाटलं माझंच चुकतंय. चारही पाय चौकोनात, मान सरळ, असं उभं करून तीनदा मोजलं, तरी तेच. नीट बघितल्यावर दिसलं, मागच्या उजव्या पायाचा खूर वाढून आत वळला होता आणि ती अंग वाकवून उभी राहत होती. खूर छाटला, दहा दिवसांत दोन्ही बाजू सारख्या झाल्या. चालताना ती लंगडत नव्हती, टेप लावली नसती तर कळलंच नसतं. (पोटाला हा नियम लावू नका. कोटीपोट, म्हणजे चारा साठणारं मोठं पोट, डावीकडे असतं, चारा खाल्ल्यावर ती बाजू फुगतेच.)

आता शिंप्याची फायबरग्लासची टेप आणलीय, ३० रुपयांची. दर महिन्याला पोलादी पट्टीला लावून बघतो, आणि मोजतो सकाळी, चारा टाकायच्या आधी. त्या तिघांनाही फोन केले. दोघांच्या टेपा ताणलेल्याच निघाल्या.