बार्बिकन: टाकीचे घाव सोसलेले काँक्रीट

लंडनच्या बार्बिकन केंद्रात नाटक किंवा मैफल पाहायला जायचे असेल, तर नवख्या माणसाने प्रयोगाच्या किमान पाऊण तास आधी पोहोचावे. रस्त्यावर उभे राहून पाहिले तर ‘हे मुख्य प्रवेशद्वार’ असे सांगणारा दर्शनी भाग या वास्तूला जवळजवळ नाहीच. आराखडा झाला त्या काळात ‘सिटी’ या लंडनच्या जुन्या व्यापारी भागावर सगळीकडे उंच पदपथांचे जाळे विणण्याची योजना होती. माणसांनी वरून चालावे, मोटारींनी खालून जावे, असा त्यामागचा हिशेब होता. जाळे अर्ध्यावर राहिले, लोक रस्त्यावरूनच चालत राहिले आणि वरून येणाऱ्यांसाठी रचलेल्या या संकुलाची पाठ रस्त्याकडे राहून गेली. पुढे वाट दाखवण्यासाठी जमिनीवर चक्क पिवळी रेघ ओढावी लागली. तिची मदत होते, पण ती आखावी लागली हा माझ्या मते आराखड्यातला मोठा दोष आहे, आणि काँक्रीटच्या रंगाबद्दल नाके मुरडणाऱ्यांनी खरे तर याच दोषावर बोट ठेवायला हवे होते.

ही जागा मोकळी झाली ती युद्धामुळे. २९ डिसेंबर १९४०च्या रात्री झालेल्या बाँबवर्षावात क्रिपलगेटचा हा परिसर जळून गेला, आणि १९५१च्या जनगणनेत या प्रभागात अवघे ४८ रहिवासी उरले होते. व्यापारी पेठेत पुन्हा माणसे राहायला यावीत म्हणून सिटीच्या महापालिकेने चेंबरलिन, पॉवेल आणि बॉन या वास्तुविशारदांकडून सुमारे २,००० सदनिका, सव्वाशे मीटरच्या आसपास उंचीचे तीन मनोरे, शाळा, तळे आणि कलाकेंद्र असे एक गावच आखून घेतले. कलाकेंद्राचे उद्घाटन १९८२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. युद्धातून तगलेले सेंट जाइल्स चर्च, जिथे कवी मिल्टनचे दफन झाले, ते या गावाच्या मधोमध तसेच ठेवले आहे. रोमन तटबंदीचे अवशेषही पाण्याच्या काठाशी दिसतात.

लांबून पाहणाऱ्याला हे सारे करड्या काँक्रीटचे ओझे वाटते. हात लावला की मत बदलते, निदान माझे तरी बदलले. काँक्रीट ओतून, ते किमान तीन आठवडे पक्के होऊ देऊन, मग कामगारांनी हातातल्या टोकदार यंत्रहातोड्यांनी त्याचा वरचा थर टोचून काढला आणि आतली ग्रॅनाइटची खडी उघडी केली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण दगडाबद्दल म्हणतो; इथे ते मनोऱ्यांपासून जिन्याच्या कठड्यांपर्यंत काँक्रीटच्या वाट्याला आले आहे. त्यामुळे भिंतीला ओबडधोबड पोत आला, तिरक्या उन्हात तिच्यावर बारीक सावल्या पडतात आणि पावसाचे ओघळ गुळगुळीत काँक्रीटवर दिसतात तितके ओंगळ दिसत नाहीत. आधुनिक वास्तुकलेतील ‘ब्रूटलिझम’ या उघड्या काँक्रीटच्या शैलीचे नाव उच्चारताच यंत्राने ओतलेली निर्विकार भिंत डोळ्यांपुढे येते. इथली भिंत मात्र पाथरवटाच्या कामाला अधिक जवळची आहे.

केंद्राचे सर्वोत्तम अंग म्हणजे नाट्यगृह. अकराशेहून अधिक आसने असूनही कोणताही प्रेक्षक रंगमंचापासून सुमारे २० मीटरपेक्षा दूर नसतो, कारण वरचे सज्जे एकावर एक रंगमंचाच्या दिशेने पुढे झुकत आले आहेत. मधून जाणारी वाट नाही. त्याऐवजी प्रत्येक रांगेला दोन्ही टोकांना स्वतःचा दरवाजा आहे. प्रयोग सुरू होताना विद्युत्चुंबकांनी धरून ठेवलेले हे सगळे दरवाजे एकाच वेळी मिटतात आणि क्षणभर सभागृहात कुजबूज थांबते. पहिला अंक सुरू झाल्यावर टॉर्चच्या उजेडात ‘जरा पाय घ्या’ म्हणत गुडघ्यांवरून जाणाऱ्यांचा अनुभव असलेल्या मराठी नाट्यरसिकाला या शिस्तीचे मोल वेगळे सांगायला नको. २००२ पर्यंत रॉयल शेक्सपिअर कंपनीचे लंडनमधील घर हेच होते. मैफलींचे सभागृह, म्हणजे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे घर, आकाराने मोठे आणि लाकडाने ऊबदार आहे. पण नाट्यगृहाच्या रचनेतली कल्पकता मला तिथे जाणवली नाही.

रंगमंचावरचे देखावे वर ओढून घेण्यासाठी नाट्यगृहाला जो उंच मनोरा लागतो, तो रहिवाशांच्या खिडक्यांसमोर उघडाबोडका दिसू नये म्हणून त्याभोवती हरितगृह उभारले आहे. दीड हजारांहून अधिक प्रकारच्या वनस्पती तिथे आहेत. काँक्रीटच्या सज्जांवरून लोंबणाऱ्या वेली पाहताना ही मूळची लपवाछपवी होती हे लक्षातही येत नाही. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, मात्र ते ठरावीक दिवशीच उघडते आणि नावनोंदणी आधी करावी लागते. फॉयरमध्ये, म्हणजे सभागृहांबाहेरच्या दालनात, तर तिकीट नसतानाही तासन्‌तास वाचत बसता येते, आणि लंडनच्या या महागड्या भागात हे थोडे नव्हे.

तुलनेसाठी इथून ‘बँक’ नावाच्या चौकापर्यंत चालत जावे. जेम्स स्टर्लिंगने आखलेली ‘नंबर वन पोल्ट्री’ ही उत्तराधुनिक इमारत तिथे, मध्ययुगातल्या कोंबडीबाजाराच्या जागी, १९९७ मध्ये पूर्ण झाली. तोवर स्टर्लिंगला जाऊन पाच वर्षे झाली होती. गुलाबी आणि पिवळसर दगडाचे पट्टे, चौकाकडे रोखलेले टोक, आत भडक निळ्या-गुलाबी रंगांचा गोल चौक असा हा थाट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इमारती पाडून ती बांधल्याचा राग अनेकांना होता, आणि तत्कालीन युवराज चार्ल्स यांना आराखड्यात १९३०च्या दशकातला जुना रेडिओ दिसला होता. ती पाहताना मजा येते, पण पहिल्या पाच मिनिटांत तिचे सगळे विनोद सांगून संपतात. तरीही २०१६ मध्ये तिला वारसा-संरक्षणाची जी श्रेणी मिळाली, ती बार्बिकनला २००१ मध्ये मिळालेल्या श्रेणीपेक्षा एक पायरी वरची आहे. हा न्याय मला काही पटलेला नाही.

गुडघे दुखत असतील त्यांनी बार्बिकनमध्ये लिफ्ट कुठे आहेत हे आल्याआल्याच विचारून घ्यावे, कारण इथे पातळ्या फार आहेत. बाकीच्यांनी नाटकाआधीचा तो पाऊण तास तळ्याकाठच्या गच्चीवर घालवावा. संध्याकाळी ऊन मनोऱ्यांवर तिरपे येते, तेव्हा टाकीची एकेक खूण वेगळी मोजता येते.