ट्रिप बंद झाली म्हणून मी खूश होतो

घरापासून आमचा गोठा 40 मीटरवर. पूर्वी दोन बल्बांपुरती दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढली होती. पुढे तिच्यावरच 2 एचपीची कडबाकुट्टी, 1 एचपीची पाण्याची मोटर आणि आंबोणाचं पाणी तापवायला 2 किलोवॅटचा हीटर चढला. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा वीज ओढली की आपोआप बंद होणारं बटण, रोज सकाळी पडायचा, ट्रिप व्हायचा. पडणारच की! तिन्ही मिळून 25 अँपिअर ओढतात, हे मला आत्ता कळलं.

तालुक्याहून वायरमन बोलावला. त्याने झाकण उघडलं, टेस्टर टेकवला. "काका, बॉक्सच गेलाय. वायर पण बदलू, 4 स्क्वेअर कॉपर टाकतो, परत बघायला नको." 13,500 रुपये, रोख. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर लागेल. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवसापासून ट्रिप बंद. मी कौतुकाने चार जणांना त्याचा नंबर दिला.

महिन्याभराने धार काढताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. बॉक्सला हात लावला तर चटका. पुतण्या आयटीआय झालेला, त्याने मेन बंद करून झाकण काढलं. आत 16 च्या जागी 40 चा एमसीबी. राखणीच्या कुत्र्यालाच मुसकं घातलं होतं! स्क्रूखाली वायर काळी पडलेली, पीव्हीसी बोटभर वितळलेलं. पुतण्याने टोक ब्लेडने खरवडलं. वरून तांबूस, आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण 60 टक्केच वीज वाहतं, शिवाय स्क्रूखाली दबून सैल होतं, आणि सैल झालं की तापतं. वायरीवर आयएस 694 चा, म्हणजे वायरींच्या भारतीय मानकाचा, छाप कुठेच नाही. 90 मीटरचं एकच बंडल, ते फेज-न्यूट्रलमध्येच संपलेलं. अर्थिंगची वायर टाकलीच नव्हती, आणि ओल्या फरशीवर दोन म्हशी बांधलेल्या.

आता 6 स्क्वेअरची आर्मर्ड केबल जमिनीखालून नेली, 32 चा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा) बसवला, अर्थिंग केलं. कुट्टी चालू असताना हीटर लावत नाही.

त्या वायरमनला फोन केला तर म्हणतो, "काका, ट्रिप तर होत नाही ना?"

नंबर दिलेल्या चौघांपैकी तिघांना जाऊन सांगितलं. चौथ्याच्या पोल्ट्रीत त्याचं काम झालंय. उद्या ब्लेड घेऊन पुतण्या आणि मी तिकडे जातोय.