बिलाला छत्री आहे, ऑर्डरला नाही: सुट्या भागांच्या निर्यातदारासाठी ईसीजीसीची पॉलिसी

अमेरिकेला गाड्यांचे सुटे भाग पाठवणाऱ्या लहान कारखानदाराने ईसीजीसीची (केंद्र सरकारच्या निर्यात पत विमा कंपनीची) पॉलिसी घ्यावी का? घ्यावी. टॅरिफमुळे, म्हणजे अमेरिकेने वाढवलेल्या आयात शुल्कामुळे, झालेलं नुकसान त्यातून भरून निघेल का? नाही. २०२५ च्या उन्हाळ्यापासून पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात या दोन प्रश्नांची जी सरमिसळ झाली आहे, ती सोडवण्यासाठी हे परीक्षण. विमा म्हणून या पॉलिसीला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. टॅरिफवरचा उतारा म्हणून एक, तोही अप्रत्यक्ष फायद्याचा.

ईसीजीसी ही १९५७ साली मुंबईत सुरू झालेली, वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली केंद्र सरकारी कंपनी. परदेशी गिऱ्हाइकाने उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे बुडाले तर भरपाई देणं हे तिचं मुख्य काम. जोखमीचे दोन कप्पे असतात. व्यापारी जोखीम म्हणजे गिऱ्हाईक दिवाळखोरीत गेलं, मुदत उलटूनही पैसे दिले नाहीत, किंवा आपली चूक नसताना माल स्वीकारला नाही. राजकीय जोखीम म्हणजे युद्ध, यादवी, परकीय चलन बाहेर पाठवण्यावर बंदी, आयातीवर नवे निर्बंध, दिलेला आयात परवाना रद्द होणं.

घोटाळा होतो तो ‘आयातीवर नवे निर्बंध’ या शब्दांपाशी. वाचणाऱ्याला वाटतं, ट्रम्पसाहेबांनी शुल्क लावलं, हाच तो निर्बंध. पण शुल्क वाढलं म्हणून माल बंदरावर अडत नाही. शुल्क भरा आणि न्या, एवढंच. माल आत जातो, गिऱ्हाईक जिवंत असतं, पैसे पाठवायला कुणी अडवत नसतं. परवडत नाही एवढाच प्रश्न उरतो, आणि परवडणं-न परवडणं हा विम्याचा विषय नाही.

आधी शुल्काचं गणित. अमेरिकेने प्रवासी गाड्यांवर ३ एप्रिल २०२५ पासून आणि इंजिन, गिअरबॉक्स, विद्युत भाग अशा ठरावीक सुट्या भागांवर ३ मेपासून २५ टक्के शुल्क लावलं. ४ जूनला पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं शुल्क ५० टक्के झालं. २७ ऑगस्टला भारतातून जाणाऱ्या इतर बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के झालं, पण २५ टक्क्यांच्या यादीत बसणारे गाड्यांचे भाग त्यातून वगळलेले होते. मग १ नोव्हेंबरपासून मध्यम आणि जड ट्रक व त्यांच्या भागांवर २५ टक्के. म्हणजे एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर निघालेली कारच्या गिअरबॉक्सची पिन ऑगस्टअखेरीस २५ टक्क्यांत आणि ट्रॅक्टरची पिन ५० टक्क्यांत. कुठला भाग कुठल्या यादीत बसतो यावर तिकडचा कस्टम ब्रोकर आणि इकडचा डिस्पॅचवाला यांच्या ईमेल सुरू झाल्या. यादी चुकली की फरक वर्षभराने मागितला जाऊ शकतो, आणि तेव्हा गिऱ्हाईक तो आपल्याच अंगावर ढकलतं.

आता नुकसान नेमकं कुठे होतं ते जवळून पाहू. समजा बिल ३८,४०० डॉलरचं आहे. मुदत संपल्यावर खात्यात येतात ३३,६०० डॉलर. सोबत एका ओळीची डेबिट नोट, म्हणजे रक्कम कापल्याची चिठ्ठी: ‘टॅरिफ शेअर, १२.५ टक्के’. पंचवीसचा निम्मा भार तुमचा, असा हिशेब गिऱ्हाइकाने परस्पर मांडलेला असतो. ४,८०० डॉलर गेले. मशीनिंगच्या धंद्यात साडेबारा टक्के निव्वळ नफा ठेवणारे थोडेच, म्हणजे ही खेप तोट्यातच गेली. याचा दावा करता येतो का? ईसीजीसीच्या लेखी हा व्यापारी वाद आहे, आणि वादातली रक्कम सक्षम न्यायालयाचा हुकूमनामा हातात असल्याशिवाय पॉलिसीत बसत नाही. मिशिगनमध्ये वकील लावून ४,८०० डॉलरसाठी हुकूमनामा आणणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यावर इलाज पॉलिसीत नाही, पीओत, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये, आहे. तीन वाक्यं आधीच घालून घ्यावीत: आयात शुल्क आयातदाराचं, बिलातून परस्पर कपात चालणार नाही, शुल्क बदललं तर नवा भाव पुढच्या शिपमेंटपासून, लेखी सुधारित पीओवर. भाव कमी करून द्यावाच लागला तर नव्या पीओत द्यावा, निघून गेलेल्या मालावर क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) काढू नये. क्रेडिट नोट काढली की तेवढं येणं आपण आपल्या हातानं पुसलं. पुढे गिऱ्हाईक बुडालं तरी दावा उरलेल्या रकमेचाच होतो. डिलिव्हरीच्या अटीही तपासाव्यात. एफसीए किंवा एफओबी असेल, म्हणजे माल इकडेच वाहतूकदाराकडे किंवा जहाजावर सोपवायचा असेल, तर शुल्क गिऱ्हाइकाकडे. डीडीपी (शुल्क भरून दारात पोहोच) असेल तर आयातदार तुम्हीच, आणि शुल्कही तुमचंच. ‘दारात पोहोच भाव द्या’ म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी आनंदाने डीडीपी स्वीकारलेल्यांना २०२५ मध्ये सगळ्यात जास्त चटके बसले.

मग पॉलिसी घ्यायची कशासाठी? कारण टॅरिफ आणि अनिश्चिततेचा दुसरा फटका गिऱ्हाइकाच्या प्रकृतीवर बसतो, आणि तिथे ही पॉलिसी खरंच कामाला येते. सुट्या भागांची जगभर पसरलेली कंपनी मारेली ११ जून २०२५ ला अमेरिकेत चॅप्टर ११ खाली, म्हणजे दिवाळखोरी कायद्याच्या आसऱ्याला, गेली. टॅरिफचा ताण हे कंपनीने दिलेल्या कारणांपैकी एक होतं. २८ सप्टेंबरला आफ्टरमार्केटमधली (बदली सुट्या भागांच्या बाजारातली) फर्स्ट ब्रँड्स गेली, तिथे दुखणं मुख्यतः कर्जाचं होतं. अशा वेळी न दिलेलं बिल हा वाद राहत नाही, ती दिवाळखोरी असते, आणि ती सरळ व्यापारी जोखमीत बसते. मान्य झालेल्या नुकसानाच्या साधारण ९० टक्के भरपाई नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत मिळते. वार्षिक निर्यात ५ कोटींच्या आत असलेल्यांसाठी लहान निर्यातदारांची पॉलिसी आहे. तिच्यात व्यापारी जोखमीला ९५ आणि राजकीय जोखमीला १०० टक्के. थकबाकी कळवण्याची मुदतही तिथे सैल असते: नेहमीच्या पॉलिसीत ३० दिवसांवर थकलेलं बिल कळवायचं, लहान पॉलिसीत ६० दिवसांवर. दाव्याची प्रतीक्षाही नेहमीच्या चार महिन्यांच्या निम्मी. ५ कोटींच्या आत बसत असाल तर दुसरीकडे पाहूच नये.

प्रीमियम शेकडा काही पैशांत असतो. तो देशाची वर्गवारी आणि उधारीची मुदत यांवर ठरतो. देशांचे ए१ पासून डी पर्यंत सात वर्ग आहेत. खर्च हा तक्रारीचा मुद्दाच नाही. माती खाल्ली जाते ती क्रेडिट लिमिटमध्ये, म्हणजे एका गिऱ्हाइकावर जास्तीत जास्त किती रकमेपर्यंत कव्हर मिळेल त्या मर्यादेत.

प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी लिमिट मंजूर करून घ्यावी लागते, आणि बहुतेक जण ती एका महिन्याच्या मालाकडे बघून मागतात. हिशेब असा करावा. महिन्याला ४०,००० डॉलरचा माल, बिल ऑफ लेडिंगपासून (माल जहाजावर चढल्याच्या कागदापासून) ९० दिवसांची उधारी. म्हणजे कुठल्याही दिवशी मुदत न भरलेली तीन बिलं उभी असतात, आणि गिऱ्हाईक अडखळायला लागलं की चौथं थकलेलं. एकूण १,६०,०००. लिमिट १,००,००० ची असेल तर ९० टक्क्यांनी भरपाई फार तर ९०,००० आणि ७०,००० घरचे. लिमिट १,६०,००० ची असती तर घरचे फक्त १६,००० गेले असते. शिवाय मंदी आल्यावर गिऱ्हाईक मुदत ९० वरून १२० दिवसांवर नेतं, म्हणजे आणखी एक बिल. मुदत वाढवून देण्याआधी पॉलिसीत त्याला परवानगी लागते का ते पाहावं, आणि लिमिट आधी वाढवून घ्यावी. गिऱ्हाइकाच्या अडचणीची बातमी छापून आल्यावर लिमिट वाढवून मागणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणं.

दुसरा खड्डा गोदामाचा. बऱ्याच मोठ्या कंपन्या माल आपल्या कारखान्याजवळच्या तिसऱ्याच्या गोदामात ठेवायला लावतात. त्यांनी उचलला की तेव्हा विक्री, तेव्हा बिल. हा माल नेहमीच्या पॉलिसीत धरून चालू नये, त्यासाठी कन्साइनमेंट निर्यातीची वेगळी पॉलिसी आहे. तिसरा खड्डा आपल्याच कंपनीचा. आयातदार म्हणून तिकडे स्वतःची एलएलसी काढली आणि तिच्या नावाने बिल फाडलं, तर स्वतःच्याच कंपनीने पैसे न देण्याची जोखीम कुठलाही विमावाला सहजी घेत नाही. राजकीय जोखमीपुरतं वेगळं कव्हर मिळतं, बस.

चौथा खड्डा सगळ्यात जुना. खात्यातून ईसीजीसीच्या नावाने काही रक्कम वजा झालेली दिसते, आणि मालक निर्धास्त होतो. ते बऱ्याचदा बँकेचं कव्हर असतं. बँकेने दिलेलं पॅकिंग क्रेडिट (माल तयार करण्यासाठीचं कर्ज) किंवा बिल डिस्काउंटिंग (बिलावर आधीच दिलेले पैसे) बुडालं तर ईसीजीसी बँकेला भरपाई देते, तुम्हाला नाही. बँक तुमच्याकडून वसुली करतच राहते. आपल्या नावाची पॉलिसी आणि आपल्या नावाची लिमिट असेल तरच कव्हर आपलं.

गिऱ्हाईक चॅप्टर ११ मध्ये गेलंच, तर त्याच दिवशी शिपमेंटची यादी तारखांसह काढावी. अर्ज दाखल होण्याआधीच्या २० दिवसांत गिऱ्हाइकाच्या प्रत्यक्ष ताब्यात पोहोचलेल्या मालाला अमेरिकी कायद्यात अग्रक्रम आहे. न्हावा शेवाहून निघाल्याची तारीख तिथे चालत नाही, पोहोचल्याची लागते. म्हणून डिलिव्हरीची पोच जपून ठेवावी. ईसीजीसीला ताबडतोब कळवावं, आणि न्यायालयात दावा नोंदवण्याची शेवटची तारीख चुकवू नये. भरपाई मिळाली तरी वसुलीचा पाठपुरावा निर्यातदारालाच करावा लागतो, आणि पुढे मिळालेली रक्कम ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावी लागते.

सगळ्यात अवघड जागा थकबाकीची. बिल थकल्यावर पुढचा माल विचारल्याशिवाय पाठवला तर त्याचं कव्हर धोक्यात येतं. आणि माल थांबवला तर गिऱ्हाइकाची असेंब्ली लाइन बंद पडल्याचा दंड आपल्यावर. यातून सोपी वाट नाही. ईसीजीसीला लेखी कळवून, उत्तर येईपर्यंतचा माल आगाऊ पैशावर पाठवावा. नाराजी सहन करावी.

आता नोकऱ्यांकडे, कारण पॉलिसीची सीमा तिथे उघडी पडते. कव्हर शिपमेंटपासून सुरू होतं. गाड्यांच्या धंद्यात पहिले चार आठवडे पक्कं शेड्यूल आणि पुढचे दोन-तीन महिने अंदाज असा रिवाज. टॅरिफची बातमी आली की गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करत नाही, शेड्यूल पुढे ढकलतं. फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा भाग) येऊन पडलेलं, निम्मं मशीनिंग झालेलं, पार्ट इतर कुणाच्या गाडीत बसणारा नाही. या मालावर या पॉलिसीत एक रुपया मिळत नाही. आधी ओव्हरटाइम जातो, मग तिसरी पाळी, मग लेबर कॉन्ट्रॅक्टरला ‘पुढच्या सोमवारपासून बारा माणसं कमी पाठवा’ असा फोन. ले-ऑफची (काम नसल्याने तात्पुरतं घरी बसवल्याची) भरपाई मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के असते, पण ती तरतूद ५० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला लागू नाही, आणि ठेक्यावरच्या माणसाला ती मिळत नाही. भोसरीतल्या अनेक शेडमध्ये मुळात वीस-तीसच माणसं असतात.

जग्वार लँड रोव्हर सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्याने बंद पडली, तेव्हा ब्रिटनच्या निर्यात पत संस्थेने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. उद्देश पुरवठादारांपर्यंत पैसा पोहोचावा हा. तुलना तंतोतंत नाही, कारण तिथे कारण टॅरिफ नव्हतं आणि हमी एकाच कंपनीच्या कर्जाला होती. पण ‘बिल बुडाल्यावर भरपाई’ आणि ‘काम थांबल्यावर खेळतं भांडवल’ यांतला फरक त्यातून दिसतो. आपल्याकडे हे दुसरं काम नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या, ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत ठरलेल्या २०,००० कोटींच्या निर्यातदार पत हमी योजनेकडे दिलं गेलं, ईसीजीसीच्या पॉलिसीकडे नाही. त्यासाठी बँकेत वेगळं विचारावं लागतं.

आणि जो स्वतः निर्यात करत नाही, चाकणच्या निर्यातदाराला जॉबवर्क करून देतो, त्याला या पॉलिसीतून काहीच नाही. निर्यातदाराला भरपाई मिळाली तरी ती त्याच्यापर्यंत झिरपेलच असं नाही. त्याच्या हातात एमएसएमई (लघुउद्योग) कायद्यातली पैसे देण्याची ४५ दिवसांची मर्यादा आहे, उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने महिन्याच्या चक्रवाढीचं व्याज आहे आणि थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवरची तक्रार आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) मात्र माल देण्याआधीची हवी. बिल थकल्यावर काढलेल्या नोंदणीवरून वाद होतो. चलनावर पीओ नंबर, माल स्वीकारल्याचा शिक्का आणि तारीख एवढं तरी प्रत्येक खेपेला घ्यावं.