मुदत संपलेल्या डोमेनचे लिलाव: अकरा महिन्यांचा अनुभव आणि माझे ७१३ रुपये

ऑक्टोबर २०२४ पासून मी मुदत संपलेली डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, लिलावात घेते आहे आणि जमलं तर विकते आहे. मूळ काम छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवण्याचं, नागपुरात मानेवाड्यातल्या घरूनच चालतं. एका गिऱ्हाइकाला हवं असलेलं नाव लिलावात दिसलं, २७ डॉलरला मिळालं, आणि त्या दिवसापासून सवय लागली. आतापर्यंत नऊ वेळा "तुम्ही जिंकलात" असा मेल आला. नावं हातात आली सात.

राहिलेल्या दोन नावांमुळेच हे लिहायला बसले. त्यातही एकामुळे जास्त.

फेब्रुवारीच्या शेवटी एका नावावर १४० डॉलरची बोली जिंकले. दोन साधे इंग्रजी शब्द, डॉट कॉम, २००६ साली नोंदलेलं. पैसे लगेच कार्डातून गेले. सहा दिवसांनी मेल आला की जुन्या मालकाने नाव रिन्यू केलं आहे, व्यवहार रद्द. पैसे परत, पण माझ्या कार्डावर नाही, त्यांच्याच साइटवरच्या खात्यात 'क्रेडिट' म्हणून. म्हणजे माझे बारा हजार रुपये त्यांच्या गल्ल्यात आणि मी त्यांच्याकडूनच दुसरं काहीतरी घ्यायचं.

तीन आठवडे भांडले. चॅटवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी मार्चअखेर पैसे कार्डावर आले. स्टेटमेंट उघडलं आणि हिशोब जुळेना. भाऊ बँकेत आहे, तो रविवारी जेवायला आला तेव्हा त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने असा उलगडा केला: पैसे गेले तेव्हा डॉलर ८७ रुपयांना पडला होता, म्हणजे १२,१८० रुपये. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप साडेतीन टक्के, ४२६ रुपये. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, ७७ रुपये. परत आले तेव्हा डॉलर साडेपंच्याऐंशीवर उतरला होता, त्यामुळे आले ११,९७० रुपये. मार्कअप परत येत नाही, त्यावरचा कर परत येत नाही आणि दरातला फरक आपल्या माथी. एकूण ७१३ रुपये गेले, आणि त्या बदल्यात मी एक अक्षरही विकत घेतलं नव्हतं.

"ताई, सातशे रुपयांसाठी काऊन एवढं मनाला लावून घेऊन राहिली?" भाऊ म्हणाला. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. रक्कम कितीही असो, ज्या वस्तूवर हक्क अजून दुसऱ्याचा आहे, तिचे पूर्ण पैसे माझ्याकडून आधी का घेता?

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली की ते लगेच मोकळं होत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, त्याला ४५ दिवसांपर्यंत आपल्याकडे ठेवू शकतो. त्याच काळात बरेच रजिस्ट्रार ते लिलावात काढतात. मी जिथे बोली लावते तिथे साधारण पंचविसाव्या दिवशी लिलाव सुरू होतो, दहा दिवस चालतो आणि त्यानंतरही जवळजवळ आठवडाभर जुन्या मालकाला पैसे भरून नाव परत नेता येतं. लिलावात कुणी घेतलं नाही आणि मालकही आला नाही, तर नाव ३० दिवस रिडेम्प्शनमध्ये जातं. तिथून सोडवायला मालकाला चांगलाच दंड पडतो. मग पाच दिवस 'पेंडिंग डिलीट', म्हणजे पुसलं जाण्याची वाट, आणि त्यानंतर खरोखर मोकळं. लिलावातल्या नावाची मूळ नोंदणी तारीख टिकते. मोकळं झाल्यावर पकडलेल्या नावाची तारीख नव्याने सुरू होते. २००६ चं नाव २००६ चंच हवं असेल तर लिलावालाच जावं लागतं, आणि तिथे ही टांगती तलवार असतेच.

बोलीची पद्धत मात्र मला मनापासून आवडली. आपली कमाल रक्कम आधी सांगून ठेवायची, समोरचा वाढवेल तेवढंच यंत्र आपल्या वतीने वाढवतं. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ आणखी पाच मिनिटं पुढे सरकते, म्हणून शेवटच्या सेकंदाला येऊन कुणी नाव पळवू शकत नाही. एकदा एकच नाव असं पाऊण तास चाललं. एप्रिलमधली रात्र, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी ठरवलेल्या ४५ डॉलरच्या वर एक डॉलर गेले नाही. ते नाव ३१० ला गेलं. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

वेळेचं एक सांगते, कारण यात मी एक नाव गमावलं आहे. मी बोली लावते तिथले लिलाव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने संपतात. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि आपल्याकडची वेळ साडेअकरा होते. २०२५ मध्ये तो रविवार ९ मार्चला होता. मी सवयीने सव्वाबाराला बसले आणि लिलाव संपून गेलेला. नाव संत्र्याच्या व्यापाराला शोभणारं होतं, कळमन्यातल्या एका आडत्याला दाखवायचं माझ्या मनात होतं. तेव्हापासून कमाल बोली संध्याकाळीच लावून ठेवते.

पहिल्या दोन महिन्यांत मी नावाचा मागचा इतिहास नीट बघत नव्हते. डिसेंबरमध्ये १९ डॉलरला एक नाव मिळालं, त्याला बाहेरच्या साइटवरून भरपूर लिंक होत्या. घेतल्यावर वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटची जुनी पानं जपणाऱ्या ठिकाणी, ती उघडली. आधी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं, नंतर दोन वर्षं जुगाराची जाहिरात. साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मालकी सिद्ध केली तेव्हा गूगलच्या कारवाईची नोंदही दिसली, ती घेण्याआधी कुणालाच दिसत नाही. शिवाय गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे: जुन्या नावाची पत वापरण्यासाठी ते घेऊन त्यावर असंबद्ध मजकूर टाकला तर तो स्पॅम धरला जाईल. म्हणून आता लिंक किती आहेत यापेक्षा त्या कुठून आल्या आणि कोणत्या शब्दांवर लावल्या आहेत हे आधी बघते. नाव स्वतः चांगलं असेल, दुकानदाराला तोंडी सांगता येईल, फोनवर स्पेलिंग विचारावं लागणार नाही, तरच घेते.

दुसरी गोष्ट माझ्या मनाला जास्त लागली. जानेवारीत घेतलेलं एक नाव पूर्वी परदेशातल्या एका छोट्या शाळेचं होतं. मी त्या नावावर येणारे सगळे मेल माझ्याकडे वळवले, चौकशी आली तर कळावी म्हणून. दोन दिवसांत पालकांचे मेल यायला लागले. मुलाच्या आजारपणाची चिठ्ठी, फीची पावती, कुठल्याशा सेवेचा पासवर्ड बदलण्याचा दुवा. मी ती सोय त्याच दिवशी बंद केली आणि आलेले मेल पुसून टाकले. नाव सोडून देणाऱ्याने आपली सगळी खाती आधी दुसऱ्या पत्त्यावर हलवायला हवीत, हे कुणी सांगतच नाही. घेणाऱ्याला सगळं दिसू शकतं.

मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे करून बनवलेली नावंही लिलावात येतात. ती घेऊ नका. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं आहे. डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशी तक्रारीची सोय आहे. नाव जातं, आणि भरलेले पैसेही जातात.

आता माझं मत कसं बदललं ते सांगते. मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, लिलाव संपल्यावर जुन्या मालकाला नाव परत देणं हा सरळसरळ अन्याय आहे. जिंकणाऱ्याने वेळ दिला, रात्री जागवल्या, पैसे भरले, आणि वर्षभर झोपलेला माणूस येऊन घेऊन जातो. हेच मी त्यांच्या चॅटवरही लिहिलं होतं, बऱ्याच कडक शब्दांत.

जुलैमध्ये इतवारीतल्या एका मसाल्याच्या ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. साइट मी बनवलेली, पण डोमेन त्यांच्या पुतण्याने कॉलेजात असताना घेतलेलं. भंडाऱ्याच्या गिऱ्हाइकाचा मेल परत आला म्हणून काकांना कळलं. मी बघितलं तर मुदत संपून ३८ दिवस झाले होते. लिलाव दोन दिवसांपूर्वीच संपला होता. २१५ डॉलरला.

मी तशीच गाडी काढून दुकानात गेले. हळदीची पोती रस्त्यापर्यंत आलेली, काका गादीवर बसलेले. त्यांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाई, दुकान माझं, पाटी माझी, बिलावर छापलेलं नाव माझं. अन् ते दुसऱ्याचं कसं होऊन राहिलं?" त्यांचा जीएसटी दाखला, मालाची पिशवी, गाडीवरची अक्षरं, सगळीकडे तेच नाव. डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत आठवण द्यावी लागते. ती दिलीही गेली होती. पुतण्याच्या कॉलेजच्या मेलवर, जो पत्ता केव्हाच बंद पडला होता.

पुतण्या आता पुण्यात. खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवेना. ओळखपत्र, जुनी पावती, जीएसटी दाखला असं सगळं पाठवून खातं उघडायला दोन दिवस गेले. ४१व्या दिवशी दुपारी पैसे भरले आणि नाव परत आलं. काकांनी फोनवर साइट उघडली, शेजारच्या किराणावाल्याला दाखवली आणि माझ्यासाठी संत्रा बर्फी मागवली.

त्या रात्री घरी आल्यावर सारखा त्या २१५ डॉलरवाल्याचा विचार येत राहिला. त्याला "तुम्ही जिंकलात" असा मेल आला असेल. नंतर दुसरा आला असेल. मार्चमध्ये मी जे चॅटवर लिहिलं होतं ते त्यानेही लिहिलं असेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता. पण त्याला नाव मिळालं असतं तर काकांची वीस वर्षांची ओळख गेली असती. त्यामुळे मालकाला परत येण्याची मुभा हवीच, हे मी आता ठामपणे म्हणते. आठवडा कमी वाटतो, असंही म्हणते.

मात्र पैशाबद्दलचं माझं म्हणणं त्यामुळे आणखी पक्कं झालं. मुभा द्यायची तर तिचा खर्च जिंकणाऱ्याच्या खिशातून का? मालकाची परत येण्याची मुदत संपेपर्यंत रक्कम फक्त अडवून ठेवा, ती संपली की कापून घ्या. हॉटेलं खोलीसाठी असंच करतात. आणि परत करायचे असतील तर कार्डावर करा, क्रेडिट म्हणून नको. मोकळ्या होणाऱ्या नावावर बॅकऑर्डर, म्हणजे ते सुटताच पकडण्याची आगाऊ मागणी, लावली तर अनेक ठिकाणी नाव पकडलं गेलं तरच पैसे लागतात. मग लिलावात हे अशक्य कसं?

तोवर मी काय करते ते सांगते. भावाने कमी मार्कअपचं कार्ड शोधून दिलं, परदेशी बिल फक्त त्यावरच. लिलावातलं नाव आधी उघडून बघते. दुकान, दवाखाना, शाळा अशी कुणाची चालती साइट मुदत संपण्याच्या महिन्यापर्यंत दिसत असेल तर मालक परत येण्याची शक्यता जास्त, तिथे बोली लावत नाही. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरं कारण इतवारीतलं.

विक्रीचं थोडक्यात. सातपैकी तीन गेली. एक वर्धा रोडवरच्या ट्रॅव्हल्सवाल्याला थेट १८,००० ला. तो माझ्याच रजिस्ट्रारकडे होता, म्हणून खात्यातून खात्यात दहा मिनिटांत दिलं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असतं तर ६० दिवसांच्या लॉकमध्ये, म्हणजे नाव हलवण्यावरच्या बंदीत, अडकलो असतो, तो लॉक किती उरला आहे हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. बाकी दोन डोमेनच्या ऑनलाइन बाजारात १९० आणि २६० डॉलरला गेली, २० टक्के कमिशन कापून, पैसे हातात यायला तीन आठवडे. सगळं धरून खर्च ४१,३०० आणि जमा ४८,२००. उरलेल्या चार नावांचं नूतनीकरण यातूनच. बोलीच्या वर वर्षाची फी, कर आणि आयकॅनचे सेंट लागतात हे धरूनच कमाल ठरवा. ते सेंटही १ जुलै २०२५ पासून १८ चे २० झाले.

काकांचं डोमेन मी दहा वर्षांसाठी भरून घेतलं, त्याहून जास्त एकदम भरताच येत नाही. मेलचा पत्ता त्यांच्या मुलीचा घातला, फोन दुकानाचा, आणि पुढची तारीख काकांनी स्वतः खतावणीच्या पहिल्या पानावर लिहिली. माझ्या ७१३ रुपयांची तक्रार अजून उघडी आहे. दर सोमवारी सकाळी मी तिचा क्रमांक टाकून विचारते.