टोरेंटवरचे आयपी पत्ते अडवायचे ते यादी बघून की वागणूक बघून? आठ महिन्यांचा अनुभव

घरच्या फायबरवरून मी क्यूबिटटोरेंट या प्रोग्रॅमने (टोरेंटमध्ये लोक एकमेकांकडून फाइल तुकड्या-तुकड्यांनी घेतात) डेबियन, लिब्रेऑफिस अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या फाइली चोवीस तास सीड करतो, म्हणजे इतरांना उतरवायला देतो. एके रात्री माझ्याशी जोडलेल्यांची यादी दाखवणारा ‘पीअर्स’ टॅब उघडला आणि चक्रावलो. डेबियनची डीव्हीडी पावणेचार जीबीची, पण एका पत्त्याने माझ्याकडून अकरा जीबी ओढलेले आणि त्याची प्रगती, म्हणजे फाइल किती उतरली असं तो सांगतो ते, ०.० टक्के! त्याच रेंजमधले (लागोपाठच्या पत्त्यांच्या पट्ट्यातले) आणखी सहा पत्ते हेच करत होते. ज्यांना फाइल खरंच हवी होती, त्यांच्या वाट्याला थेंब थेंब येत होतं.

आधी अडवायच्या पत्त्यांची एक तयार यादी क्यूबिटटोरेंटच्या आयपी फिल्टरमध्ये टाकली. लाखो पत्ते, कंपन्या-विद्यापीठांच्या अख्ख्या रेंज. दोन महिने ठेवली. ते सात पत्ते तिच्यात नव्हतेच. उलट जर्मनीत वसतिगृहात राहणाऱ्या भाच्याला माझ्याकडून काही मिळेना. लॉगमधल्या अडवलेल्या आयपींत त्याचाच पत्ता सापडला. यादी त्याच दिवशी काढून टाकली.

गेले सहा महिने पीअरबॅनहेल्पर हे वागणूक बघून बंदी घालणारं सॉफ्टवेअर वापरतोय. ते क्यूबिटटोरेंटच्या वेब यूआयला (ब्राउझरमधून चालवायच्या भागाला) जोडतं आणि समोरचा सांगतो ती प्रगती आपण प्रत्यक्ष दिलेल्या डेटाशी ताडून बघतं. मेळ बसला नाही की बंदी. एकाच सबनेटमधून (शेजारशेजारच्या पत्त्यांच्या गटातून) एका टोरेंटवर झुंड आली तरी त्याच्या लक्षात येतं. मला हेच पटतं: माणूस कुठून आला यापेक्षा तो काय करतोय ते बघावं.

खराब डेटा पाठवणाऱ्यांसाठी वेगळं काही लागलं नाही. प्रत्येक तुकडा त्याच्या हॅशशी, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशाशी, पडताळला जातोच. अनेकांकडून आलेला तुकडा खराब निघाला तर क्यूबिटटोरेंटच्या आतलं, टोरेंटचं मूळ काम करणारं लिबटोरेंट नंतर आलेल्या चांगल्या तुकड्याशी १६ केबीचे ब्लॉक ताडून नेमका खोडसाळ पत्ता पकडतं. ही करामत मला फार आवडते.

बंदीची मुदत मात्र विचार करून ठेवा. आपल्याकडे सीजीनॅटमुळे (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते) एका आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, पत्त्यामागे कितीतरी घरं असतात. एकाच्या लबाडीपायी सगळ्यांना कायमचं बाहेर ठेवणं अन्याय आहे, म्हणून मी एका दिवसाचीच बंदी घालतो. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६मध्ये उलटं: एका घराला निदान अख्खा /६४, म्हणजे पत्त्यांचा प्रचंड मोठा गट, मिळतो, त्यामुळे एकेक पत्ता अडवून उपयोग नाही, पूर्ण /६४ अडवावा लागतो.

हळूहळू वाढणारी खोटी प्रगती दाखवणारे अजूनही निसटतात. त्यांच्यासाठी दर रविवारी मी ‘पीअर्स’ टॅब स्वतः चाळतो.